न्हाणीतून वर आलेले पाणी

पुष्य नक्षत्राच्या पावसाला आमच्याकडे म्हातारा पाऊस म्हणतात. पुनर्वसूच्या तरण्या पावसासारखा तो अंगावर धावून येत नाही. पण एकदा धरला की दिवसरात्र एकाच लयीत पडत राहतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगणातली माती पाणी पिणे थांबवते. 2011 च्या जुलैमध्ये अशाच एका रात्री, साडेअकराच्या सुमारास, सासूबाईंनी मला हाक मारली. नव्या न्हाणीघराचा दिवा लावून पाहिले तर फरशीतल्या जाळीतून पाणी बुडबुडत वर येत होते. ते करड्या रंगाचे होते आणि वासावरून ते कुठून आले आहे हे विचारण्याची गरज नव्हती. दार उघडेपर्यंत ते उंबऱ्याला टेकले होते. सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या आणि पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत होत्या, "अगं, मी फक्त तांब्याभर पाणी ओतलं."

हे न्हाणीघर त्यांच्यासाठीच बांधले होते. संगमेश्वर तालुक्यातले आमचे घर जांभ्याचे, कौलारू, ओटी-पडवी-माजघराच्या जुन्या बेताचे. त्या बेतात घराच्या पोटात पाणी नव्हते. आंघोळीची न्हाणी मागील दारी होती, एका मोठ्या सपाट दगडाची; तिचे पाणी उघड्या पाटाने आधी अळवाला, मग केळींना आणि उरले तर माडाच्या आळ्यात जात असे. शौचालय परसाच्या टोकाला होते. सासूबाईंचे गुडघे धरल्यावर पावसात, रात्रीच्या काळोखात, निसरड्या पायवाटेने तिथवर जाणे त्यांना अशक्य झाले, म्हणून त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये माजघराला लागून एक खोली वाढवली, तिच्यावर स्लॅब घातला आणि आत कमोड, शॉवर, गरम पाण्याची सोय असे सगळे केले. फरशा निवडण्यात आम्ही तीन दिवस घालवले. सांडपाण्याची लाईन कुठून काढली आहे, हे मात्र कोणीही, अगदी मीसुद्धा, जाऊन पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले जुने गवंडीकाका डोक्यावर इरल्यासारखा प्लास्टिकचा कागद घेऊन आले. त्यांनी आधी घरातले काही पाहिलेच नाही. मागे जाऊन चेंबरचे झाकण पहारीने उचलले, आत बांबूची काठी घातली, मग टाकीपलीकडच्या शोषखड्ड्यापाशी गेले आणि तिथल्या मातीवर पाय दाबून उभे राहिले. पायाच्या खुणेत लगेच पाणी भरले. "वहिनी, टाकी उपसायला कोणाला बोलावू नका," ते म्हणाले. "टाकी भरलेली नाही, जमीन भरली आहे."

मैल्याच्या टाकीचे काम कसे चालते हे मला तोवर खरोखरच माहीत नव्हते, आणि मी विचारले तेव्हा कळले की आमच्या आळीत बहुतेकांना माहीत नाही. टाकी हळूहळू भरत जाते आणि एक दिवस तुडुंब होते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती पहिल्या काही आठवड्यांतच तोंडापर्यंत भरते आणि कायम तशीच भरलेली राहते. गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, आणि घरातून जेवढे पाणी आत येते तेवढेच मधल्या थरातले पाणी पलीकडून शोषखड्ड्यात ढकलले जाते. म्हणजे सगळी भिस्त त्या खड्ड्याभोवतालच्या जमिनीवर. आमच्याकडे वर जांभा आणि त्याच्या खाली चिकण मातीचा थर, जिला आम्ही शेडी म्हणतो. जांभा चाळणीसारखा पाणी खाली सोडतो, शेडी ते अडवते, आणि मग ते पाणी जांभ्यातच साठत साठत वर येते. आषाढात ते शोषखड्ड्याच्या तळाशी पोचले की खड्डा पाणी घेत नाही, टाकी पुढे ढकलत नाही, आणि तुंबलेले पाणी घरातले सगळ्यांत खालचे तोंड शोधते. ते तोंड नेहमी न्हाणीच्या फरशीतली जाळी असते. कमोडची बैठक उंच असते, म्हणून तिथे सुरुवातीला फक्त आवाज होतो. आदल्या चार दिवसांपासून आमचा कमोड पाणी सोडल्यावर गुडगुडत होता. ती पाईपमध्ये कोंडलेली हवा होती, आणि त्या आवाजाकडे मी दुर्लक्ष केले.

काकांनी टाकी उपसू नका म्हटले, त्याचेही कारण होते. भोवतीची जमीन पाण्याने फुगलेली असताना टाकी रिकामी केली तर बाहेरच्या पाण्याचा दाब तिच्यावर येतो. फायबरची किंवा प्लास्टिकची हलकी टाकी तर होडीसारखी वर उचलली जाते, जोड तुटतात. आणि तसे झाले नाही तरी दोन दिवसांत शोषखड्ड्याकडून पाणी उलटे येऊन टाकी पुन्हा भरते. गाळ काढायचा तो दोन-तीन वर्षांनी, आणि तोही उन्हाळ्यात, यंत्र लावलेल्या गाडीकडून. इथे एक गोष्ट मला अगदी स्पष्टपणे लिहायची आहे: कोणत्याही कारणाने कोणालाही त्या टाकीत उतरवू नये. आतला वायू माणसाला हाक मारण्याचीही सवड देत नाही, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. संरक्षणाशिवाय असे काम करून घेणे 2013 च्या कायद्याने गुन्हाही आहे. पण कायदा नसता तरी ते तितकेच वाईट ठरले असते.

तरीही एक प्रश्न राहत होता. शेजारच्या घरांतही अशाच टाक्या होत्या, तशीच जमीन होती, आणि त्यांच्या न्हाण्या कोरड्या होत्या. काकांनी चेंबरमध्ये पुन्हा वाकून पाहिले आणि मला जवळ बोलावले. चेंबरला तीन पाईप येऊन मिळत होते. एक कमोडचा, एक न्हाणीचा, आणि तिसऱ्यातून घरात कोणीही नळ सोडलेला नसताना मनगटाएवढी स्वच्छ धार एकसारखी पडत होती. तो स्लॅबवरच्या पावसाच्या पाण्याचा पाईप होता. खोली बांधणाऱ्या कंत्राटदाराने वेगळा चर खणण्याचे कष्ट वाचवून तो याच चेंबरमध्ये सोडून दिला होता.

त्या दिवशी दुपारी मी कागद घेऊन बसले. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते; हा हिशोब शाळेतल्या मुलालाही येतो. नवा स्लॅब आणि त्यावर उतरणारी जुन्या घराची मागची पाखी, म्हणजे छपराची उतरती बाजू, मिळून साठ चौरस मीटर तरी भरते. दिवसाला शंभर मिलिमीटर पाऊस आमच्याकडे जुलैमध्ये नवलाचा नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा या एका महिन्याचा असतो. म्हणजे दिवसाला सहा हजार लिटर. आम्ही पाच माणसे मिळून आंघोळ, धुणे, शौच सगळे धरून सहाशे लिटर वापरत असू. पाच माणसांच्या हिशोबाने बांधलेल्या टाकीवर आम्ही पन्नास माणसांचे पाणी सोडले होते, आणि वर फरशीचा रंग भिंतीला शोभतो का याची चर्चा केली होती.

पावसाचे पाणी, आंघोळ-धुण्याचे सांडपाणी आणि मैल्याचे पाणी या तीन वेगळ्या जातींच्या गोष्टी आहेत, आणि पावसाच्या प्रदेशात त्यांना एका वाटेने पाठवणे हीच घरातल्या नळकामाची सगळ्यांत मोठी चूक आहे, असे माझे त्या दिवसापासूनचे ठाम मत आहे. नळ गळतो, वायसर झिजतो, बॉलकॉक अडकतो, या गोष्टी कुठेही होतात आणि पान्याने दुरुस्त होतात. घरात पाणी आणण्याची हौस आपल्याला असते आणि त्यावर खर्चही होतो. ते बाहेर कसे जाईल हे मात्र बांधणाऱ्यावर सोडले जाते. जुन्या घराने हे तिन्ही मार्ग वेगळे ठेवले होते. पागोळ्यांचे पाणी वळचणीखालच्या दगडी गटारातून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, जात असे, न्हाणीचे केळींना, आणि शौचालय तर लांबच होते. तो बेत गैरसोयीचा होता, विशेषतः बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना, आणि तो परत यावा असे मी कधीही म्हणणार नाही. पण सोय घरात आणताना तिन्ही वाटा वेगळ्या ठेवणे मुळीच अवघड नव्हते.

दुरुस्तीला भर पावसात दोन दिवस लागले. पावसाचा पाईप चेंबरमधून काढून उघड्या चराने पऱ्याकडे वळवला. न्हाणीचे आणि धुण्याचे पाणी टाकीत न सोडता पूर्वीसारखे केळींच्या बाजूला नेले. टाकीकडे फक्त कमोड राहिला. दिवाळीनंतर जमीन वाळल्यावर शोषखड्डा मोठा केला, त्याच्या वरच्या अंगाला आडवा चर खणून डोंगराकडून झिरपणारे पाणी बाजूला काढले, आणि कमोडच्या लाईनला हवेचा पाईप छपराच्या वरपर्यंत नेऊन त्याच्या तोंडाला जाळी बांधली. तेव्हापासून गुडगुड थांबली.

एक प्रश्न सोडवला की त्याच्या मागचा दिसू लागतो, तसे पुढच्या वर्षी पन्हळीचे झाले. कौलांच्या कडेला आम्ही पत्र्याची पन्हळ बसवली होती. फणसाची पाने आपल्याला मोठी आणि निरुपद्रवी वाटतात, पण भिजलेले एक पान पन्हळीच्या भोकावर अगदी पापडासारखे चिकटून बसते. मग पाणी पन्हळीच्या मागच्या अंगाने, म्हणजे भिंतीच्या बाजूने, उतरते आणि वाशांची टोके कुजू लागतात. वाकलेल्या पाईपमध्ये मेलेला खेकडा सापडला तो त्याच वर्षी. आणि पाईप भिंतीला जिथे पकडीने धरलेला होता तिथे चार पानांचे पिंपळाचे रोप होते. ते इतके नाजूक दिसत होते की उपटायला जीव होईना. उपटल्यावर मात्र हातभर मूळ निघाले, जांभ्याच्या सांध्यात सरळ आत गेलेले. आता मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पन्हळ हाताने साफ केली जाते, आणि मृगाचे पहिले दोन पाऊस झाल्यावर पुन्हा एकदा, कारण झाडावर अडकून राहिलेली पाने त्या दोन पावसांतच खाली येतात. ही दुसरी साफसफाई बहुतेक लोक विसरतात.

ओलीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण ओल स्वतःचा उगम सांगत नाही. माजघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या भिंतीवर कमरेच्या उंचीवर एक डाग उमटला. चुन्याला पोपडे आले, मग पांढरा लोणा आला, मग काळसर बुरशी. घरातल्या प्रत्येकाचे मत वेगळे होते. कोणी म्हणे पाऊस मुरतोय, कोणी म्हणे जमिनीतून ओल चढतेय, आणि रंगाच्या दुकानातल्या माणसाने न पाहताच एक महागडा डबा सुचवला. मी एक शिसपेन्सिल घेतली आणि डागाच्या कडेने रेघ ओढून तारीख लिहिली. चार दिवसांनी पुन्हा रेघ, पुन्हा तारीख. श्रावणात पावसाने सहा दिवस उघडीप दिली. पाऊस मुरत असता तर डाग तिथेच थांबायला हवा होता. तो मात्र त्या सहा दिवसांत दोन बोटे पुढे गेला. जमिनीतली ओल असती तर ती तळापासून सरसकट चढली असती. हा डाग मधूनच सुरू झाला होता. म्हणजे भिंतीतला पाईप.

पुढची परीक्षा रात्रीची होती. सगळे निजल्यावर वरच्या टाकीत वेताची काठी उभी बुडवून पाण्याच्या रेषेवर दोरा बांधला, आणि पहाटे कोणी नळ सोडण्यापूर्वी पुन्हा तीच काठी घातली. पाणी दोऱ्याच्या बोटभर खाली होते. दुसऱ्या रात्री न्हाणीघराकडे जाणारा कॉक बंद करून हेच केले, तर पाणी दोऱ्याला धरून होते. भिंत फोडायला आलेल्या मुलाला मी नेमकी जागा दाखवू शकले, आणि एका फरशीवर काम भागले. आत लोखंडी पाईपचा एल्बो आट्यांपाशी गंजून सुईच्या टोकाएवढे भोक पडले होते. जांभ्याच्या प्रदेशातले विहिरीचे पाणी बहुधा किंचित आम्ल असते, ते पाईपवरचा जस्ताचा थर खाते आणि मग लोखंडाला लागते. आट्या पाडताना तो थर आधीच निघालेला असतो, म्हणून सुरुवात तिथूनच होते. आता आतले सगळे पाईप सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकचे, आहेत. ज्यांच्या घरी अजून लोखंडी आहेत त्यांनी सकाळचे पहिले पाणी पांढऱ्या भांड्यात धरून पाहावे. तांबूस दिसले तर पाईप आतून सुटू लागला आहे.

थेंब किती मोठा असतो हेही मी त्या सुमारास मोजले. स्वयंपाकघरातला नळ सेकंदाला एक थेंब गळत होता. खाली कळशी ठेवली. रात्री नऊला ठेवलेली कळशी सकाळी साडेसातला भरत आली होती.

आता ज्याविषयी मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते त्या विहिरीकडे येते. पावसाळ्यात पाणी भरपूर असते, म्हणून त्याच्या शुद्धतेची शंका घेणे आपल्याला अप्रस्तुत वाटते. पण जी जमीन शोषखड्ड्याचे पाणी घेईनाशी होते, त्याच जमिनीतून विहिरीचे पाणी येते. उन्हाळ्यात या दोहोंच्या मधल्या कोरड्या मातीतून झिरपताना जंतू गाळले जातात. आषाढात मधली जमीन कोरडी राहिलेलीच नसते. टाकी आणि विहीर यांच्यात निदान पंधरा मीटर अंतर असावे असे सांगतात. आमच्याकडे ते आहे, पण टाकी वरच्या अंगाला आणि विहीर खालच्या अंगाला आहे, आणि ही गोष्ट मला अजूनही सलते. चिपळूणला 22 जुलै 2021 रोजी पूर आला तेव्हा आमच्या नात्यातल्या एका घरात जमिनीखालची पाण्याची टाकी पुराच्या गाळाने भरली. ओसरल्यावर गाळ उपसून झाला, भिंती धुऊन झाल्या, तरी पंधरा दिवस त्यांनी ते पाणी तोंडात घेतले नाही, आणि त्यांचे बरोबर होते.

आमच्या विहिरीचा व्यास तीन मीटर आहे आणि जुलैमध्ये तिच्यात सहा मीटर पाणी असते, म्हणजे साधारण बेचाळीस हजार लिटर. चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते, त्या हिशोबाने शंभर ग्रॅमहून थोडी अधिक. सांगायला हे सोपे आहे, पण बहुतेक ठिकाणी पुडी फोडून वरून भिरकावली जाते आणि पावडर पाण्यावर पांढरा तवंग धरून राहते. आम्ही रात्री, सगळ्यांचे पाणी भरून झाल्यावर, प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात पावडर कालवून पातळ पेस्ट करतो, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळतो आणि दहा मिनिटे स्वस्थ ठेवतो. चुन्याचा साका तळाशी बसतो. वरची निवळ दुसऱ्या बादलीत ओतून घेतो. साका विहिरीत टाकत नाही, त्याने पाणी जड होते. मग ती बादली दोराने पाण्याच्या खाली नेऊन वरखाली, इकडेतिकडे हलवतो, म्हणजे औषध खोलवर मिसळते. निदान तासभर पाण्याला हात लावायचा नाही. पाणी गढूळ असेल तर औषध आधी मातीवरच खर्च होते, म्हणून मुसळधार पावसानंतर एक दिवस थांबून, पाणी निवळल्यावर हे करतो. ग्रामपंचायतीत क्लोरीन तपासण्याचे साधे किट असते. पाण्यात दोन थेंब टाकले की पिवळी झाक येते. ती आली नाही तर बहुधा पावडर जुनी, हवा लागून निकामी झालेली असते. तरीही पिण्याचे पाणी आम्ही उकळून घेतो.

वरच्या टाकीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तिचे झाकण वाऱ्याने उडते, ते दगड ठेवून थांबत नाही, तारेने बांधावे लागते. आणि ओसंडणाऱ्या पाण्याच्या पाईपला जाळी लावावी लागते, कारण डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. हेच पंपाच्या खालच्या बशीला, कुंड्यांना आणि परसात उलट्या न ठेवलेल्या प्रत्येक डब्याला लागू आहे.

सासूबाई 2016 मध्ये गेल्या. शेवटची पाच वर्षे त्यांनी ते न्हाणीघर वापरले. त्या रात्रीनंतर बरेच दिवस पाणी ओतल्यावर त्या जाळीकडे पाहत उभ्या राहायच्या, पाणी पूर्ण खाली गेल्याची खात्री करायच्या आणि मगच बाहेर यायच्या. आता तसे मी करते.

यंदा माजघराच्या त्याच भिंतीवर, जुन्या डागाच्या वीतभर वर, पुन्हा एक फिकट गोल उमटला आहे. पाईप नवा आहे, म्हणून मला स्लॅब आणि जुनी भिंत यांच्यातल्या सांध्याचा संशय आहे. जुन्या रेघा आणि तारखा मी रंगाखाली जाऊ दिलेल्या नाहीत. काल रात्री पेन्सिलीने नवी रेघ ओढली, शेजारी आर्द्रा असे लिहिले, आणि आता उघडीप मिळण्याची वाट पाहते आहे.